परतीची वेळ साडेदहा

"अमेरिकेला जाऊन काय बघून आलीस, तर वाळवंट?" जुलैअखेर हॉस्टेलवर परतले तेव्हा रूममेटचा हा पहिला प्रश्न होता. तिला उंच इमारतींचे फोटो हवे होते. माझ्याकडे होते लाल खडकांचे, आणि त्यातल्याही निम्म्या फोटोंत मी घामेजलेली नाहीच, कारण तिथे घाम दिसतच नाही. (ते का, ते पुढे सांगते.)

माझी मावशी फिनिक्सला राहते. सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर तिने बोलावलं आणि मला गाईडबरोबरच्या एका ग्रुप ट्रेकला पाठवून दिलं. पाच दिवस, तीन ठिकाणं: युटा राज्यातली ब्राइस कॅन्यन आणि झायन ही नॅशनल पार्क्स आणि शेवटी ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन. वाटेत एक छोटी घळ. हॉस्टेलच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर राजगड, हरिश्चंद्रगड केलेला असल्याने मला वाटलं होतं, यात काय एवढं! व्यवस्थित बांधलेल्या पायवाटा, बरोबर गाईड, जाग्यावर जेवण.

पण त्या ट्रिपमधली जी गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही ती मी पाहिलेली नाही. ती जागा पंधरा मिनिटांवर होती. आमच्या गाईडबाईंनी सगळ्यांना तिथून परत फिरवलं, आणि मी त्यांच्याशी चक्क वाद घातला. आकाश निळं होतं, पाणी स्वच्छ होतं आणि माझ्या मते त्यांचं चुकलं होतं. कोणाचं चुकलं ते सांगण्यासाठीच हा लेख.

ग्रुप कसा असतो

आम्ही दहा जण होतो आणि अकराव्या गाईडबाई. वय पन्नाशीच्या आसपास, केस पांढरे, पायांचे स्नायू आपल्या जिमवाल्यांनी लाजावं असे. ग्रुपमध्ये एक नवरा-बायको सत्तरीचे, दोन शिक्षिका, एक बाप आणि त्याचा कॉलेजातला मुलगा, बाकी माझ्यासारखे सुटे. पहिल्या संध्याकाळी ओळखपरेड झाली आणि मग बाईंनी तीन नियम सांगितले.

एक, प्रत्येकाने दिवसाला चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर न्यायचं. दोन, पुढे कोणी पळायचं नाही आणि मागे कोणी एकटं राहायचं नाही, म्हणजे ग्रुपचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. तीन, रोज निघण्याआधी परतीची वेळ ठरेल. ती वेळ झाली की जिथे असू तिथून मागे फिरायचं, ठरलेली जागा दहा पावलांवर असली तरी.

तिसरा नियम ऐकून मी मनात म्हटलं, हे सत्तरीच्या आजी-आजोबांसाठी असणार.

एक मोठा जिना

पुढचं कळण्यासाठी तिथला भूगोल थोडा समजून घ्यायला हवा. ही तिन्ही पार्क्स कोलोरॅडो पठारावर आहेत. कोट्यवधी वर्षांत इथे कधी समुद्र होता, कधी नद्यांची मैदानं, कधी वाळूच्या टेकड्या. प्रत्येक काळाचा गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याचा खडक झाला. नंतर हे अख्खं पठार वर उचललं गेलं. नदीला उतार मिळाला की तिची ताकद वाढते, आणि ती खाली कापत जाते.

हे थर एखाद्या जिन्यासारखे रचलेले आहेत, म्हणूनच त्या भागाला 'ग्रँड स्टेअरकेस' म्हणतात. ब्राइसचे खडक सर्वांत वरचे आणि सर्वांत तरुण. ब्राइसच्या तळाला जो थर आहे तोच झायनच्या माथ्यावर. झायनच्या तळाचा थर ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावर. म्हणजे आम्ही पाच दिवस जिना उतरत होतो आणि प्रत्येक पायरीला काही कोटी वर्षं मागे जात होतो.

आपल्या सह्याद्रीतही पायऱ्या दिसतात, पण त्या लाव्हाच्या. आपला काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. झायनच्या उंच भिंती ज्या नवाहो वालुकाश्माच्या आहेत तो १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने साठवलेल्या वाळूचा. भिंतींवर तिरक्या रेषा अजून स्पष्ट दिसतात. त्या वाळूच्या टेकड्यांच्या उतारांच्या रेषा आहेत. वारा कोणत्या बाजूने वाहत होता तेही त्यावरून काढता येतं.

आता प्रश्न असा की वाळवंटात पाणी कुठून आलं एवढं कापायला? उत्तर गमतीचं आहे. पाणी कमी असल्यानेच त्याचं काम इतकं ठळक दिसतं. भरपूर पाऊस असता तर माती आणि झाडी तयार झाली असती, कडे झिजून गोलसर झाले असते. इथे माती कमी, झाडी कमी, खडक उघडा. वर्षभर कोरडं, आणि मग एखाद्या दुपारी धो धो. त्या दुपारी जे काय कापायचं, वाहून न्यायचं, ते होऊन जातं.

ब्राइस: न दिसणारा घाम

ब्राइसला नाव कॅन्यनचं असलं तरी ते खरं कॅन्यन नाही, कारण ते नदीने कापलेलं नाही. पठाराच्या कडेला अर्धगोल नाट्यगृहासारखे खळगे पडलेत आणि त्यात नारिंगी खांबांची गर्दी उभी आहे. या खांबांना 'हूडू' म्हणतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे आपण बारावीत शिकलो. इथे वर्षातल्या अर्ध्याच्या आसपास दिवशी तापमान शून्याच्या वर-खाली होतं. दिवसा बर्फ वितळून पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठून भेग रुंद करतं. आधी भिंत, मग भिंतीला खिडकी, मग खिडकीचं छप्पर कोसळून खांब. पाचर ठोकून दगड फोडतात तेच काम, फक्त पाचर बर्फाची.

पठाराची कड सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे हवा विरळ आणि अगदी कोरडी. आम्ही सकाळी खाली उतरलो, खांबांमधून फिरलो, वर आलो. मला घाम आला नाही म्हणून मी खूष होते. चार लिटरमधलं जेमतेम अर्धा लिटर प्यायले होते. दुपारी डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. मी कोणाला बोलले नाही. आपण गड चढणारी माणसं, या एवढ्याशा वाटेने आपल्याला काय होणार!

गाईडबाईंनी चेहरा बघूनच ओळखलं. त्यांनी माझी पाण्याची पिशवी हातात घेऊन वजन बघितलं आणि नुसत्या हसल्या. मग समजावून सांगितलं. आपल्याकडे दमट हवेत घाम अंगावर राहतो, म्हणून दिसतो. इथे तो आल्या आल्या उडून जातो. शरीरातून पाणी जातच असतं, फक्त तुम्हाला पावती मिळत नाही. मी घाईने एक लिटर पाणी घटाघट प्यायला गेले तर त्यांनी तेही थांबवलं. घामाबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तोही गंभीर प्रकार असतो. माणूस गोंधळतो, फिट येऊ शकते. म्हणून घोट घोट पाणी आणि बरोबर काहीतरी खारट. मावशीने बळेबळे सॅकमध्ये कोंबलेला चिवडा तिथे कामी आला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या ग्रुपने तो संपवला.

झायन: निळ्या आकाशाखालचा वाद

दुसऱ्या दिवशी झायन. हे पार्क १९१९ साली नॅशनल पार्क झालं. व्हर्जिन नावाची नदी इथे सरासरी दर किलोमीटरला सुमारे १३ मीटर उतरते, म्हणजे नदीच्या मानाने फारच तीव्र उतार. वालुकाश्म पाणी झिरपू देतो, पण त्याच्याखालचा थर चिखल-गाळाचा आहे, तो झिरपू देत नाही. त्यामुळे वरून मुरलेलं पाणी त्या सांध्यावर भिंतीतून बाहेर पडतं. वाळवंटात भिंतीवर चक्क नेचे आणि फुलं लटकलेली दिसतात! वर मुरलेल्या पाण्याला खाली बाहेर यायला हजार वर्षांहून जास्त लागू शकतात म्हणे. मी त्या थेंबाखाली हात धरला. शिवाजी महाराजांच्याही कितीतरी आधीचा पाऊस!

याच नदीच्या वरच्या अंगाला 'द नॅरोज' आहे. तिथे दरी इतकी चिंचोळी होते की वेगळी वाट उरतच नाही, नदी हीच वाट. काही ठिकाणी भिंती ३०० मीटर उंच आणि मधलं अंतर ६ ते ९ मीटर. आपलं हॉस्टेल चार मजली आहे. अशी पंचवीस हॉस्टेलं एकावर एक ठेवा, समोर तशीच दुसरी रास, आणि मध्ये एका खोलीएवढी जागा. त्यात गुडघाभर, कधी कंबरभर थंडगार पाणी. पायात भाड्याने घेतलेले बूट, हातात काठी, खाली गोटे. असं वाटतं की तेल लावलेल्या क्रिकेटच्या बॉलवरून चालतोय.

नॅरोजमधला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे 'वॉल स्ट्रीट'. त्याचेच फोटो मी घरून निघताना बघून ठेवले होते. त्या सकाळी माहिती केंद्रातल्या फळ्यावर पुराची शक्यता 'पॉसिबल' अशी लिहिलेली होती. तिथे रोज चारपैकी एक शेरा असतो: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि अपेक्षित. 'शक्य' म्हणजे खालून दुसरा. गाईडबाईंनी तो वाचला आणि जाहीर केलं, "परतीची वेळ साडेदहा."

आठ वाजता आम्ही पाण्यात उतरलो. आजोबा हळू चालत होते. साडेदहाला आम्ही एका वळणावर होतो. समोरून परत येणाऱ्या एका मुलाने सांगितलं की वॉल स्ट्रीट पंधरा मिनिटांवर आहे. बाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, फिरा मागे.

मी म्हटलं, आकाश बघा, एक ढग नाही. पाणी स्वच्छ आहे. फक्त पंधरा मिनिटं. त्या म्हणाल्या, "तू इंजिनियरिंग शिकतेस ना? तुला किती आकाश दिसतंय?"

मी वर पाहिलं. एक निळी फीत होती, बस.

एका चौरस किलोमीटरचं गणित

परत येताना मी रागावलेलीच होते, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. आम्हाला टी. ई. सिव्हिलला हायड्रॉलॉजी आहे (त्याला मराठीत जलविज्ञान म्हणतात हे मला हा लेख लिहिताना कळलं). त्यात पहिल्याच युनिटमध्ये पाणलोट क्षेत्र येतं. तुमच्या पायापाशी येणारं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाचं नसतं, ते तुमच्या वरच्या अंगाच्या अख्ख्या पाणलोटाचं असतं. पेपरात मी हे छान आकृती काढून लिहिलं होतं. त्या वळणावर पाण्यात उभी असताना मात्र आठवलं नाही.

आता साधं गणित करू. समजा वर कुठेतरी फक्त एक चौरस किलोमीटर उघड्या खडकावर तासाला २५ मिलिमीटर दराने पाऊस पडला. आपल्या लोणावळ्याला हा काही विशेष पाऊस नाही. खडक उघडा असल्याने समजा ८० टक्के पाणी वाहून आलं. म्हणजे तासाला २०,००० घनमीटर, सेकंदाला साडेपाच घनमीटरच्या वर. पेपरात धरणाच्या बातम्यांत येणाऱ्या क्युसेकमध्ये सांगायचं तर १९६ क्युसेक. आणि नॅरोजमधला प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की पार्क ती वाट बंद करतं, कारण माणूस त्यात उभा राहू शकत नाही. म्हणजे एक चौरस किलोमीटरवरची एक सर पुरेशी आहे. नदीचं पाणलोट त्याच्या कितीतरी पट मोठं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे धरणातून हजारो क्युसेक सोडतात, १९६ म्हणजे काय! पण आपल्या नदीचं पात्र केवढं रुंद असतं बघा. इथे पाण्याला पसरायला आठ मीटर. पसरता येत नाही म्हणून ते उंच होतं आणि वेग घेतं.

वेळेचंही तसंच. पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने आलं तर दहा किलोमीटरवर पडलेली सर तासाभरात तुमच्यापाशी. दहा किलोमीटरवरचा ढग त्या निळ्या फितीत दिसणं शक्यच नाही. तुम्हाला इशारा मिळतो तो पाण्याकडूनच: स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, काटक्या-पानं वाहत येतात, पाणी चढायला लागतं, वरून घरघर ऐकू येते. हे दिसलं की लगेच उंच जागा गाठायची. पण वॉल स्ट्रीटमध्ये उंच जागा फारशी नाहीच.

आणि साडेदहाच का? जुलै ते सप्टेंबरमध्ये त्या भागात दमट वारे येतात. त्यालाही ते मान्सूनच म्हणतात. सकाळी आकाश स्वच्छ असतं. जमीन तापते, हवा वर चढते, आणि ढग बहुतेक दुपारी फुटतात. त्यामुळे निळी सकाळ ही सुरक्षित दुपारची खूण नसते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी याच झायनमध्ये 'कीहोल' नावाच्या अरुंद घळीत सात जणांचा ग्रुप पुरात सापडला. सातही जण गेले. त्यांनी सकाळी रीतसर परवाना घेतला होता. पुराचा इशारा दुपारी निघाला तेव्हा त्यांच्यापर्यंत तो पोचवण्याचा काही मार्ग नव्हता. त्या दिवशी व्हर्जिन नदीचा विसर्ग १५ मिनिटांत ५५ क्युसेकवरून २,६३० क्युसेकवर गेला. १५ मिनिटं! मी ज्या पंधरा मिनिटांसाठी भांडत होते तेवढीच.

आणि त्या दिवशी काय झालं?

काहीही झालं नाही. पूर आला नाही. परतताना आजोबा गोट्यावरून घसरले, गुडघा दुखावला, आणि जे अंतर आम्ही अडीच तासांत गेलो होतो त्याला परत यायला तीन तास लागले. दीड वाजता बाहेर आलो. तोवरही आकाश निळंच. काठावर बसून सँडविच खाताना माझ्याच वयाची मुलं-मुली पाण्यातून हसत बाहेर येताना दिसत होती, वॉल स्ट्रीटचे फोटो एकमेकांना दाखवत. मी बाईंकडे 'बघा' अशा नजरेने बघितलंही. संध्याकाळी एक सर आली, तीही दूर कुठेतरी.

रात्री जेवताना मी विचारलं, "आज तुमचा अंदाज चुकला ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "मी अंदाज केलाच नव्हता. मी वेळ ठरवली होती." आणि मग म्हणाल्या की पंधरा मिनिटांनी तू तिथे पोचली असतीस, तेव्हा पुढचं वळण दिसलं असतं. तेही पंधरा मिनिटांवरच असतं.

मला ते लगेच पटलं नाही. पटलं ते दोन दिवसांनी.

अँटिलोप: शिड्या का आहेत

झायनहून ग्रँड कॅन्यनला जाताना पेज गावाजवळ अँटिलोप कॅन्यन लागतं. हे नॅशनल पार्क नाही, नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे आणि त्यांच्या गाईडशिवाय आत जाता येत नाही. आत गेल्यावर खडक लाटांसारखे वळलेले, वरून प्रकाशाची तिरीप. कॉम्प्युटरच्या वॉलपेपरवर असतं ना, तेच.

खालच्या अँटिलोपमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी बारा जण होते. तिथे म्हणण्यासारखा पाऊस नव्हता. वरच्या अंगाला कित्येक किलोमीटर दूर ढग फुटला आणि पाणी घळीतून आलं. अकरा पर्यटक गेले, त्यांच्याबरोबरचा एक गाईड तेवढा वाचला. तेव्हाच्या शिड्या वाहून जाण्यासारख्या होत्या. आज तिथे खडकात बोल्टने घट्ट बसवलेले लोखंडी जिने आहेत. आम्ही फोटो काढत ज्या जिन्यावरून उतरलो तो तिथे का आहे, हे कळल्यावर मी रेलिंगला हात लावला आणि काही बोलले नाही.

त्या अकरा जणांनाही निळं आकाशच दिसत असेल. आणि त्याआधीच्या कितीतरी दिवशी कितीतरी जण तसेच आत जाऊन, काही न होता, फोटो काढून बाहेर आले असतील. आमच्या दिवशी वॉल स्ट्रीट बघून आलेल्या मुलांसारखे.

ग्रँड कॅन्यन: उलटा गड

शेवटचा दिवस ग्रँड कॅन्यन. कोलोरॅडो नदीने कापलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १,६०० मीटरहून खोल आहे. तळाच्या जुन्या खडकाचं नाव ऐकून मी चमकलेच: विष्णू शिस्ट! वय सुमारे १७० कोटी वर्षं. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दरीतल्या शिखरांना आपल्या देवांची नावं दिली, म्हणून तिथे 'विष्णू टेम्पल' आहे, 'शिवा टेम्पल' आहे.

इथे मला सर्वांत मोठा फरक कळला. आपल्याकडे आधी गड चढायचा. दमलात तर अर्ध्यातून मागे फिरता आणि परतीचा उतार सोपा असतो. म्हणजे दमणं हाच आपला ब्रेक. ग्रँड कॅन्यन हा उलटा गड आहे. सकाळी गार हवेत, ताज्या पायांनी उतरत जाता, मजा येते, काही दमायला होत नाही. जितकं खाली जाल तितकी उष्णता वाढते, तळाशी उन्हाळ्यात चाळीसच्या वर. आणि मग दमल्यावर, दुपारच्या उन्हात, चढण सुरू. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरतात. तिथे ब्रेक शरीरात नसतो, म्हणून तो घड्याळात ठेवावा लागतो.

आम्ही साउथ कायबॅब वाटेने पहाटे निघालो. या वाटेवर पाणी कुठेच नाही. ऊ-आ पॉइंट नावाच्या टोकापर्यंत गेलो, जेमतेम दीड किलोमीटर, आणि परत. पुढची वाट दिसत होती, बोलावत होती. यावेळी परतीची वेळ झाल्याचं मीच सगळ्यांना सांगितलं. गाईडबाई हसल्या.

वर येताना त्यांनी जॉन वेस्ली पॉवेलची गोष्ट सांगितली. एक हात गमावलेल्या या माणसाने १८६९ साली दहा जणांच्या टोळीने, चार होड्यांतून ही अनोळखी नदी पार केली. शेवटच्या टप्प्यात एका भयंकर धबडग्यापाशी तीन जणांनी आता बस म्हटलं आणि ते दरीबाहेर चढून गेले. ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. उरलेले सहा जण त्यानंतर दोनेक दिवसांतच सुखरूप बाहेर पडले. म्हणजे मागे फिरणं नेहमीच बरोबर ठरतं असंही नाही. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, म्हणूनच निर्णय सकाळी करायचा, घाबरलेले किंवा हुरळलेले असताना नाही.

आता आपलं

हॉस्टेलवाल्यांनो, ही गोष्ट मी अमेरिकेची म्हणून सांगत नाहीये. भंडारदऱ्याजवळची सांदण दरी आपल्यातल्या निम्म्यांनी केली आहे. तीही अशीच चिंचोळी घळ, आणि पावसाळ्यात तिच्यात उतरू नये हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'अजून तर पाऊस सुरू झाला नाही' म्हणून जूनमध्ये जायचं बेत आपणच आखतो ना? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी बघता बघता चढलं होतं. आपल्या कातळावरूनही पाणी तसंच पळतं.

आपल्या ट्रेकच्या नोटीसवर निघायची वेळ असते, गाडीचं भाडं असतं, डब्यात काय आणायचं ते असतं. परतीची वेळ कधीच नसते. ती 'बघू तिथे गेल्यावर' अशी असते, आणि तिथे गेल्यावर वीस जण म्हणतात "अजून पंधरा मिनिटं" आणि लीडर बिचारा वाईट दिसायला नको म्हणून गप्प बसतो. लीडरच्या अंगावर हे टाकण्यापेक्षा ती वेळ नोटीसवरच लिहा. मग तो वाईट ठरणार नाही, कागद वाईट ठरेल.

आणि नियम पाळून परत आल्यावर काही झालं नाही, तर नियम फुकट गेला असं म्हणू नका. मी नेमकं तेच म्हणत होते. पूर आला नाही म्हणून गाईडबाई चुकल्या, असं माझं गणित होतं. पण पूर येणार की नाही हे साडेदहा वाजता त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. जे माहीत होतं ते एवढंच: फळ्यावर 'शक्य' लिहिलंय, आजोबांचा वेग कमी आहे, आणि पुढच्या भिंतींना चढायला जागा नाही. तेवढ्या माहितीवर तो निर्णय बरोबर होता, आणि पूर न येताही बरोबरच राहतो. सीट बेल्ट लावून घरी सुखरूप पोचलं तर आपण सीट बेल्ट वाया गेला असं म्हणतो का?

रूममेटला वॉल स्ट्रीटचा फोटो हवा होता. माझ्याकडे नाही. आजोबा गुडघा धरून काठावर बसलेत आणि हसतायत, असा एक फोटो आहे. तो मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. पुढच्या ट्रेकची नोटीस लागली की आधी त्यावर परतीची वेळ शोधा. नसेल तर लीडरला विचारा. लीडर मी असेन तर मीही विसरू शकते, तेव्हा मलाही विचारा.